मोहनबाईंच्या गिअरची मूठ

माझ्या ड्रायव्हिंग स्कूलला पंचवीस वर्षं झाली. एवढ्या काळात तीन हजारांवर माणसं मी स्टिअरिंगमागे बसवली असतील. निम्म्यांची नावं मला आठवत नाहीत आणि उरलेल्यांची आठवली की डोकं फिरतं. क्लच सोडायचा म्हटलं की ब्रेक सोडणारी जमात ती. मी इंद्रसिंग गिरासे, राहणार शहादा. रागीट म्हणून गावात माझं नाव आहे आणि ते काही उगाच पडलेलं नाही. पण मोहनबाई छाजेड यांच्याबद्दल लिहायला बसलो की माझा हातच थांबत नाही, म्हणून आधी त्या कोण ते सांगून टाकतो.

मोहनबाई त्रेसष्ट वर्षांच्या. बाजारपेठेत छाजेडांचं कापडाचं दुकान आहे. घराणं मारवाडातून आलं, त्यालाही चार पिढ्या झाल्या. घरात मारवाडी, दुकानात आणि रस्त्यावर आमच्यासारखीच अहिराणी. त्यांचे यजमान चांदमलशेठ चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा रिषभ दुकान बघतो. त्याने स्वतःसाठी मोठी गाडी घेतली, तेव्हापासून शेठजींची जुनी पांढरी गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. सणाला तिची ताडपत्री धुतली जायची, एवढाच तिचा मान.

आणि एक दिवस मोहनबाई माझ्या ऑफिसात येऊन समोरच्या खुर्चीत बसल्या.

"इंदरभाऊ, माले गाडी शिकनी शे."

मी हसलो. म्हटलं, "रिषभ शे ना, भाभी. त्याले सांगा, तो लई जाई."

"रिषभले मन्हं काम रविवारले याद येस. मन्ही बहीण रविवारनी वाट दखत नही."

बहिणीची गोष्ट तेव्हा मला पहिल्यांदा कळली. मोहनबाईंच्या धाकट्या बहिणीने एकोणिसाव्या वर्षी दीक्षा घेतली. आता ती साध्वी आहे. साध्वी कधी वाहनात बसत नाहीत, फोन बाळगत नाहीत, चातुर्मास सोडला तर एका जागी फार राहत नाहीत. पायी पायी मुलुख फिरतात. आपल्या भागातून त्यांचा विहार पाच-सहा वर्षांतून एकदा होतो. सहा वर्षांपूर्वी असाच निरोप आला, की साध्वीजी रनाळ्याजवळ आहेत, आज पुढे निघतील. शेठजी गाडी घेऊन सुरतेला माल आणायला गेलेले. मोहनबाई एकट्या एस.टी.ने निघाल्या, नंदुरबारला बस बदलली, आणि रनाळ्याच्या अलीकडे त्यांना खिडकीतून चार पांढऱ्या साड्या रस्त्याच्या कडेने उलट दिशेला चालताना दिसल्या. दुसरी बाई आपली बहीण, हे त्यांनी नुसत्या चालीवरून ओळखलं. ओरडल्या, दांडा वाजवला. कंडक्टर म्हणाला, थांबा पुढे आहे. तो थांबा आला तीन किलोमीटरवर. गुडघे धरून त्या तेवढं अंतर मागे चालत आल्या तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं. साध्वीजी कुठल्या तरी आडरस्त्याने वळून गेल्या होत्या.

"त्या दिन ब्रेक मन्हा पायखाल ऱ्हाता, ते गाडी मी तठेच उभी करती," मोहनबाई म्हणाल्या.

हसल्याबद्दल मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी त्यांच्या अंगणात हजर झालो आणि ताडपत्री काढली. माझ्या गाडीवर त्यांना शिकायचंच नव्हतं. शेठजींचीच हवी होती.

शिकवणं सोपं नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी रिव्हर्समध्ये गटार गाठलं. दुसऱ्या आठवड्यात कळलं, की पहिला गिअर टाकताना त्या मनातल्या मनात नवकार मंत्र म्हणतात आणि तो पूर्ण होईपर्यंत दुसरा टाकत नाहीत. तोवर गाडी बिचारी गुरगुरत राहायची. मी म्हटलं, भाभी, मंत्र गाडी सुरू करायच्या आधी म्हणा. तेव्हापासून त्या किल्ली फिरवण्याआधी म्हणायला लागल्या आणि गाडी सुधारली. मी बाकीच्यांवर जसा खेकसतो तसा त्यांच्यावर एकदाही खेकसलो नाही. उलट सकाळची कांदाभजी गाडीत नेणं मी सहा महिने सोडलं, कारण त्यांच्याकडे कांदा, लसूण, बटाटा काही चालत नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान वाटायचा. तो अभिमान पुढे कसा उतरला तेच सांगायचं आहे.

डिसेंबरपर्यंत मोहनबाई तापीवरच्या प्रकाशा गावाच्या पुलापर्यंत जाऊन यायला लागल्या होत्या. मी नुसता बाजूला बसायचो. अडचण एकच होती, गिअरची मूठ. जुनं प्लास्टिक मधोमध तडकलं होतं. गिअर टाकला की त्या फटीत तळहाताचं कातडं चिमटायचं. आकडे तर कधीच पुसले गेले होते. मोहनबाई हळद लावलेली पट्टी बांधून यायच्या, आणि चिमटा बसेल या भीतीने दर वेळी खाली बघायच्या. खाली बघणारा माणूस टेस्टमध्ये नापास होतो. आर.टी.ओ.चे साहेब पहिली तीच गोष्ट बघतात.

टेस्टची तारीख गुरुवारची होती. आर.टी.ओ.चा कॅम्प शहाद्यात महिन्यातून एकदा भरतो. मोहनबाईंचं शिकाऊ लायसन्स शुक्रवारी संपत होतं, म्हणजे हा कॅम्प हुकला तर सगळं पहिल्यापासून. मंगळवारी त्या म्हणाल्या, "इंदरभाऊ, हाई मूठ तेवढी बदली द्या."

बुधवारी मी कामासाठी नंदुरबारला गेलो, तिथल्या दुकानात शिरलो आणि एक मूठ बघून माझे डोळेच चमकले. काळी, गोल, मऊ, लाल दोऱ्याची शिवण, वर चांदीसारख्या पट्टीवर पाच गिअर कोरलेले. दुकानदार म्हणाला, असली लेदर. मी दुसरी बघितलीच नाही. संध्याकाळी छाजेडांच्या अंगणात मी कामाला लागलो. जुनी मूठ गंजलेल्या आट्यांवर घट्ट बसलेली, हाताने फिरेना. पान्ह्याने धरून पीळ दिला तर तिचे तीन तुकडे झाले. नवी मात्र आटे धरून गोडीगुलाबीने चढली. मी इंजिन बंद ठेवून दहा मिनिटं नुसता एक ते पाच, पाच ते एक करत बसलो. एवढा आनंद मला माझी पहिली गाडी घेतली तेव्हा झाला होता.

गुरुवारी सकाळी साडेआठला मोहनबाई नवी सुती साडी नेसून आल्या, दार उघडलं आणि त्यांचा हात मुठीच्या वर येऊन थांबला.

"इंदरभाऊ, हाई चामडं ते नही ना?"

काय सांगू. कांदा आठवला, लसूण आठवला, सूर्यास्तानंतर जेवत नाहीत ते आठवलं, आणि जैन माणूस चामड्याला हात लावत नाही हेच नेमकं आठवलं नाही. चाळीस वर्षं शेजार, आणि ही अक्कल. घड्याळात बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "नही भाभी, रेक्झिन शे."

त्यांनी विश्वास ठेवला. लगेच ठेवला, हेच वाईट. मूठ हातात घेतली, दोनदा फिरवली आणि लहान मुलीसारख्या खूश झाल्या. कॅम्पच्या मैदानापर्यंत गाडी अशी आणली की रस्त्यात ओळखीचे लोक वळून बघत होते. एकदाही खाली बघितलं नाही. मी स्वतःला समजावलं, जाऊ दे, टेस्ट होऊ दे, उद्या बदलून टाकू, कोणाला कळतं.

मैदानावर आमचा नंबर बारावा होता. गाडी सावलीला लावून आम्ही बसलो. मोहनबाईंनी हळूच सांगितलं, की काल दोंडाईच्याहून निरोप आला आहे. साध्वीजींचा मुक्काम शनिवारी रनाळ्याला, रविवारी सूर्योदयानंतर त्या नंदुरबारच्या रस्त्याने निघणार, पुढे नवापूर आणि मग गुजरात. "आते गुजरातमा गयात का कव्हय येतीन, कोनले मालूम," त्या म्हणाल्या. "दखा, मी पर्सबी कापडनी लिधी. त्यासना पुढे जावानं म्हनजे आपला अंगवर चामडं नको." आणि त्यांनी मला ती निळी कापडी पिशवी दाखवली. त्यांचा दुसरा हात त्या मुठीवर होता.

मला बसवेना.

"भाभी, मी खोटं बोलनू. ते चामडं शे. खरं चामडं."

त्यांनी हात काढला. पदराला पुसला.

मग विचारलं, "आपला पुढे किती नंबर शेतस?"

"अकरा."

"मंग येळ शे. चला."

सहा महिन्यांत पहिल्यांदा कोण मास्तर आणि कोण विद्यार्थी ते मला समजेना. मी म्हटलं, वरून रुमाल गुंडाळू. त्या म्हणाल्या, "खाल काय ऱ्हाई?" मी म्हटलं, चामडं. मग मी ती मूठ काढून डिकीत टाकली आणि उघड्या दांड्यावर हात ठेवून बघा म्हटलं. दांड्याच्या टोकाला आटे, कानशीसारखे. दुसऱ्या गिअरलाच तळहाताची पट्टी फाटली. मैदानाच्या फाटकाशी भिला चहाची गाडी लावतो. त्याला मी ओरडून सांगितलं, "नंबरवर ध्यान ठेव, फोन करत ऱ्हाय." आणि गाडी मी स्वतः पळवली.

योहान गावितचं गॅरेज प्रकाशाच्या रस्त्याला आहे. योहान मूळचा नवापूरकडच्या डोंगरातला, पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा मिस्त्री. त्याने दांडा बघितला, खोक्यातून ट्रॅक्टरची एक मूठ काढली, लावली आणि परत खोक्यात टाकली. "हा दहा एमएमचा दांडा आहे. मूठ बाराची. डुलेल."

"दुसरी शे का?"

"नाही. दुकानं अकराला उघडतील."

पावणेदहा झाले होते. भिलाचा फोन आला, तिसरा नंबर चालू. मी योहानच्या भिंतीवर थाडकन हात मारला. राग माझाच मला आला होता, भिंतीने काही केलं नव्हतं. मोहनबाई शांत उभ्या होत्या आणि हाताची मूठ मिटत-उघडत होत्या, कसली तरी जाडी आठवत असल्यासारख्या.

"योहानभाऊ, लाकूड चाली का?"

योहानने डोकं खाजवलं. "शिसव असेल तर चालेल. साधं लाकूड फाटतं."

"शिसवच शे. इंदरभाऊ, घर चला."

घरी सून रक्षा धावत दारात आली. टेस्ट झाली का, पास का, पेढे आणू का, तिचं सुरू झालं. मोहनबाई तिच्या बाजूने आत शिरल्या. सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि पापडाचं लाटणं घेऊन बाहेर आल्या. काळंभोर शिसवी लाटणं, दोन्ही टोकांना गोल गोल मुठी. रक्षा लाटण्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी म्हटलं, मला काही विचारू नको, गाडी चालू आहे.

योहानने लाटणं शिकंज्यात धरलं आणि करवतीने एक टोक कापलं. मोहनबाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मला मात्र त्यांच्या पापडांची आठवण येऊन कसंतरी झालं. योहानने ड्रिल लावलं. मी त्याच्या डोक्याशी उभा. "लवकर कर, लवकर कर." भिलाचा फोन, सहावा नंबर. "अरे लवकर." तेवढ्यात कट्ट करून आवाज आला आणि मुठीला वरपासून खालपर्यंत चीर गेली.

योहानने ड्रिल बंद केलं. माझ्याकडे बघून अगदी सावकाश म्हणाला, "तुम्ही बाहेर जाऊन बसा."

पंचवीस वर्षांत हे वाक्य मी इतरांना म्हणत आलो होतो. मी बाहेर जाऊन टायरच्या थप्पीवर बसलो. आतून मोहनबाईंचा आवाज आला, "लाटणाले दोन टोकं ऱ्हातस, योहानभाऊ. घाई करू नका." मग करवतीचा आवाज. मग बारीक ड्रिल, थांबून थांबून. मग जाड ड्रिल. योहानने भोकाला साबण चोळला आणि मूठ दांड्यावर हाताने फिरवायला लागला, अर्धा वळसा पुढे, पाव वळसा मागे. लाकूड करकरत होतं. लोखंडाने लाकडात स्वतःचे आटे पाडले. शेवटी खालून नट आवळला. मी दारातून डोकावून बघत होतो. आत जायची हिंमत नव्हती.

फोन वाजला. भिला म्हणाला, "इंदरदादा, नववा गया. कोठे शेतस?"

मोहनबाई गाडीत बसल्या, डोळे मिटले, ओठ हलले. मग किल्ली फिरवली. पहिला, दुसरा, तिसरा. लाटण्याची ती मूठ त्यांच्या तळहातात चपखल बसली. तीस वर्षं तोच हात तेच लाकूड धरत आला होता. मी नुसता बाजूला बसलो आणि सीटबेल्ट घट्ट धरला.

पोहोचलो तेव्हा बारावा नंबर पुकारला जात होता. साहेब तरुण, उन्हाने वैतागलेले. बसता बसता त्यांची नजर खाली गेली.

"हे काय आहे?"

मोहनबाईंनी कचेरीतली मराठी काढली. "लाटणं आहे, साहेब. पापडाचं."

साहेबांनी मूठ धरून हलवली, ओढली, पिळली. गिअर सगळे टाकून बघितले. "घट्ट आहे," म्हणाले. "चला."

मी फाटकाशी उभा राहून बघत होतो आणि माझेच पाय क्लच-ब्रेक दाबत होते. त्या निघाल्या, वळल्या, आठचा आकडा काढला. साहेबांनी रिव्हर्स सांगितला, त्यांनी मान मागे वळवून गाडी दोन दगडांच्या मधे नेऊन ठेवली. एकदाही खाली बघितलं नाही. साहेब उतरले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पास. आज्जी, पापड करताना काय वापरणार?"

"नवं लाटणं, साहेब. ते पोरगा रविवारी आणेल."

मी भिलाच्या गाडीवर उभ्या असलेल्या सगळ्यांना चहा पाजला. नापास झालेल्यांनाही. परत येताना मी माफी मागितली. मोहनबाई म्हणाल्या, "खोटं बोलनात त्याना राग उना. खरं बोलनात तव्हय जास्त राग उना, येळ कमी ऱ्हायना व्हता." आणि चौथा गिअर टाकला.

शनिवारी संध्याकाळी लायसन्सचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर आला. मी म्हटलं, उद्या मी बरोबर येतो. त्या म्हणाल्या, नको. रिषभनेही म्हटलं, मम्मी, उद्या रविवारच आहे, मी नेतो. त्यालाही तेच उत्तर.

रविवारी पहाटे मी मोटारसायकल काढली. फक्त प्रकाशाच्या पुलापर्यंत मागे जायचं, ठीक चालवतात ना ते बघायचं आणि परत फिरायचं, असं ठरवलं होतं. थंडी अशी की बोटं ब्रेकवर चिकटत होती. पांढरी गाडी तापीचा पूल सरळ ओलांडून गेली. मी परत फिरलो नाही. नंदुरबार गेलं. उजाडलं. रनाळ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, समोर कोवळं ऊन, आणि दूरवर रस्त्याच्या कडेने समोरून येणाऱ्या चार पांढऱ्या साड्या. मला त्या नीट दिसायच्या आतच पांढऱ्या गाडीचा डावा दिवा लुकलुकला, मागचे लाल दिवे लागले आणि गाडी रस्ता सोडून पूर्ण कडेला जाऊन उभी राहिली. मी माझ्या गाडीवर उभा राहून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

मोहनबाई उतरल्या, चपला काढून ठेवल्या आणि जवळजवळ पळत गेल्या. मी थोड्या अंतरावर थांबलो. त्यांनी वाकून वंदन केलं. "दया पाळो," साध्वीजींनी आशीर्वाद दिला. साध्वीजींनी गाडीकडे बघितलं, गाडी रिकामी होती. ड्रायव्हर शोधायला त्यांनी इकडेतिकडे नजर फिरवली.

"थनै कुण लायो?" तुला कोणी आणलं, असं त्यांनी मारवाडीत विचारलं.

"कोई कोनी," मोहनबाई म्हणाल्या. "म्हैं ई आई." कोणी नाही, मीच आले.

साध्वीजी हसल्या. चाळीस वर्षं अनवाणी चाललेली ती बाई तोंडावरच्या पट्टीआड अशी हसली, की बाकीच्या तिघीही हसू लागल्या. मी कोपराने डोळे पुसले.

मग मोहनबाई वळल्या आणि थेट माझ्याकडे आल्या. "प्रकाशापाईन तुम्हले आरसामा दखी ऱ्हायनू," त्या म्हणाल्या आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "जरा गाडीवर ध्यान ठेवा."

आणि त्या बहिणीच्या बाजूने चालायला लागल्या. अनवाणी, नंदुरबारच्या दिशेने, गुडघे सांभाळत. चार पांढऱ्या साड्या आणि एक निळी. त्या वळणाआड जाईपर्यंत मी बघत होतो. अकरा वाजता त्या परत येईपर्यंत मी तिथेच उभा होतो आणि मला एकदाही राग आला नाही.